खुबा म्हणजे नक्की कुठे?

"दुखतंय म्हणजे नक्की कुठे दुखतंय?" साहेबांनी विचारलं आणि माझी पंचाईत झाली.

डोकं असतं तर डोक्याला हात लावला असता. गुडघा असता तर वाकून दाखवला असता. दात, कान, मान, खांदा ही सगळी घरंदाज दुखणी. चारचौघांत सांगता येतात, त्यावर चारचौघं हळहळतातही. माझं दुखणं बसलं होतं कमरेच्या खाली, मांडीच्या वर, उजव्या अंगाला. तिथे बोट ठेवून पन्नाशी उलटलेल्या बाईनं पुरुषमाणसापुढे उभं राहायचं, म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

"कंबर," मी म्हणाले.

"हात्तिच्या! मग पट्टा लावा की. माझा मेव्हणा लावतो."

"कंबर तशी नाही. कमरेच्या जरा खाली."

"मांडी?"

"मांडीच्या जरा वर."

साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. त्यांचे कान लालभडक झाले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले आणि ते मागच्या महिन्याचं आहे हे लक्षात आल्यामुळे फार बरं वाटल्यासारखे उठून पान उलटू लागले. पाठमोरेच राहून म्हणाले, "बरं बरं. मग माझ्याकडून काय अपेक्षा?"

"एक उंच स्टूल हवंय. पाठ असलेलं."

बस्स, एवढंच. पुढे जे काही रामायण घडलं, त्याच्या मुळाशी एक स्टूल होतं.

आमचं ऑफिस वजनमापं तपासण्याचं. दुकानदार आपापले तराजू आणि वजनं घेऊन येतात, आम्ही ती काचेच्या कपाटातल्या प्रमाण वजनांशी ताडून बघतो, आणि बरोबर निघाली तर आमचे ठोकेभाऊ वजनाच्या पोटातल्या शिशावर हातोडीनं शिक्का ठोकतात. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं. ताडून बघायचं काम माझं. दगडी ओट्यापाशी उभं राहून काट्यावर नजर लावायची. ओटा एवढा उंच, की साध्या खुर्चीत बसलं तर काट्याऐवजी ओट्याचा दगडच दिसतो. म्हणून मी नोकरीला लागल्यापासून उभीच आहे. उभं राहून राहून सगळा भार उजव्या पायावर टाकायचा आणि डावा पाय नुसता टेकवायचा, ही माझी जुनी खोड. आता तोच उजवा पाय माझ्यावर उलटला होता.

पाळीनं वर्षभर लपंडाव खेळून शेवटी कायमचा निरोप घेतला होता. त्यानंतर मध्येच अंगाचा भडका उडायचा, झोप उडायची, शब्द उडायचे. "ते हे दे ना" असं मी म्हणायचे आणि यांनी ते कुठलं आणि हे कुठलं ते ओळखायचं, असा आमचा संसार चालू होता. तेवढ्यात हे दुखणं आलं. बसून उठताना कळ. जिना चढताना कळ. उजव्या कुशीवर वळलं, की कुणीतरी निखारा खुपसल्यासारखं. दर वेळी "वयच आहे" असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. वय होतं हे मलाही मान्य होतं, पण ते सगळं एकाच बाजूला कसं काय साचलं होतं?

डॉक्टरकडे का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना "जाईन की सवडीनं" म्हणून सांगितलं. खरं कारण असं, की माझी आई न्हाणीघरात घसरली होती आणि तिचं हे इथलंच हाड मोडलं होतं. त्यानंतर ती पलंगावरून उठली नाही. डॉक्टरकडे गेलं की फोटो काढतात, आणि फोटो काढला की काहीतरी दिसतंच. जोपर्यंत फोटो नाही, तोपर्यंत माझं हाड शाबूत होतं. हे शहाणपण नव्हे हे मला कळत होतं. पण न्हाणीघरात शिरताना मी दोन्ही हातांनी भिंत धरू लागले होते, आणि भिंत धरून आंघोळ करता येत नाही, त्यामुळे आंघोळीला तासभर लागायचा. बाहेरून हे ओरडायचे, "अगं, आहेस ना?" त्या 'आहेस ना'नं मी भिंत आणखी घट्ट धरायचे.

डॉक्टर टाळला की तो रिकामा वेळ भरून काढायला शेजारी असतातच.

पहिला मान समोरच्या वहिनींचा. त्यांना माणूस लंगडताना दिसला की एरवी कधी येत नाही एवढा तजेला येतो. "गादी!" त्या दारातूनच म्हणाल्या. "ताई, तुमच्या गादीनंच घात केलाय. मऊ गादीत हाडं रुततात. फळीवर झोपा, आणि मुद्दाम दुखऱ्या कुशीवरच. दुखणं दबलं पाहिजे!"

सुताराकडून फळी आणली. ती जिन्यातून वर येईना, तेव्हा गॅलरीतून दोरानं ओढून घेतली. मी दातओठ खाऊन उजव्या कुशीवर झोपले. दुखणं दबलं नाही, मात्र फळीचं एक टोक यांच्याकडे होतं, त्यामुळे यांची पाठ धरली. आता घरात दोघं वाकडी. वहिनी म्हणाल्या, "बघा! गुण यायला लागला की आधी दुखणं बाहेर पडतं." ते यांच्या अंगातून का बाहेर पडावं, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसरा इलाजही त्यांचाच. लाटण्यानं रगडणं. मला पलंगावर पालथं घालून त्यांनी लाटण्याला दोन्ही हातांनी असा काही जोर लावला की मी उशी चावली. नेमकं तेव्हाच मीटर बघायला माणूस आला. यांनी दार उघडलं. आतून माझं विव्हळणं आणि वहिनींचं "गप्प पडा, अजून दुसरी बाजू राहिलीय" हे दोन्ही एकदम बाहेर गेलं. तो माणूस मीटर न बघताच गेला. त्या महिन्याचं विजेचं बिल अंदाजानं आलं.

तिसरे तळमजल्यावरचे ड्रिल मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच. त्यांचं म्हणणं, सगळी दुखणी आखडण्यानं होतात. त्यांनी मला गच्चीवर नेलं, एका पायावर दुसरा पाय टाकायला लावला आणि फर्मावलं, "ताणा!" मी ताणला. "अजून ताणा! खेचा! कळ आली?"

"आली!"

"शाबास! कळ आली म्हणजे बरोबर ठिकाणी पोचलो!"

बरोबर ठिकाणी आम्ही रोज सकाळी पोचत होतो. तिथून परत येताना मला कठडा धरावा लागे.

तर अशा अवस्थेत मी साहेबांकडे स्टूल मागायला गेले होते. साहेब कॅलेंडरकडे बघतच म्हणाले, "अर्ज द्या. कारण मात्र नीट लिहा. वरचं ऑफिस फार चिकित्सक आहे."

आता कारण नीट लिहायचं म्हणजे त्या जागेला नाव हवं. मी घरी येऊन यांना विचारलं. आमचे हे शब्दकोडी सोडवतात. सोडवतात म्हणजे काय, त्यातच राहतात आणि जेवायला बाहेर येतात. बायकोच्या दुखण्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातात काहीतरी देण्यासारखं होतं. डोळे मिटून म्हणाले, "खुबा."

"काय?"

"खुबा. दोन अक्षरी. मांडीचं हाड जिथं कमरेत बसतं तो सांधा."

इतकी वर्षं तो सांधा माझ्या अंगात होता, आणि त्याला नाव आहे हे मला आता कळत होतं! मला त्याच्याविषयी जरा आपुलकीच वाटली. मग आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. हे सांगत होते आणि मी लिहीत होते. पाळी जाणं असं सरकारी कागदावर कसं लिहायचं, तर त्यालाही यांच्याकडे शब्द होता. 'रजोनिवृत्तीच्या काळात उजव्या खुब्याच्या सांध्यात होणाऱ्या वेदनांमुळे उंच आसन मिळावे, ही विनंती.' वाक्य असं भारदस्त उतरलं, की ते मोठ्यानं वाचताना दुखणंसुद्धा जरा प्रतिष्ठित वाटलं.

साहेबांनी अर्ज वाचला आणि या वेळी कानांबरोबर मानही लाल झाली. "ठेवून जा," म्हणाले. "मी वर पाठवतो."

वर पाठवायचं म्हणजे त्यांना सोबत स्वतःचं पत्र जोडावं लागतं, आणि वरचं ऑफिस फक्त तेच वाचतं. साहेब माणूस फार सज्जन. इतके सज्जन, की तो शब्द पूर्ण लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी लिहिलं, 'सदर कर्मचारी यांनी शारीरिक त्रास व र. निवृत्तीमुळे उ. आसनाची मागणी केली आहे.'

एवढ्या एका टिंबानं माझा घात केला.

वरच्या ऑफिसात कुणीतरी त्या 'र.'चा अर्थ 'रीतसर' असा लावला. उत्तर आलं ते असं: 'सदर कर्मचारी यांच्या रीतसर निवृत्तीच्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे. शारीरिक अपात्रतेबाबत खात्री करण्यासाठी अधिकारी पाठवण्यात येत आहेत. सदर कर्मचारी यांच्या जागी योग्य व्यक्तीचे नाव सुचवावे. निवृत्त व्यक्तीस उ. आसन देण्याची तरतूद नाही.'

हे पत्र साहेबांच्या आधी ठोकेभाऊंनी वाचलं. ठोकेभाऊंच्या हाती लागलेली बातमी आणि त्यांच्या हातोडीखाली आलेलं वजन, दोन्हींवर शिक्का बसतोच. मी दुपारी डबा खाऊन परत आले तर सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसं स्टेशनवर गाडीत बसलेल्या माणसाकडे बघतात.

"ताई, बोलला नाहीत," ठोकेभाऊ ओल्या आवाजात म्हणाले.

"काय बोलले नाही?"

"मनाला लावून घेऊ नका. शरीर आहे, थकणारच. आम्ही भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवतोय. काहींचं म्हणणं प्रवासाची बॅग द्यावी. पण मी म्हटलं, त्यांच्यानं आता कुठला प्रवास होणार?"

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा अंगाचा असा भडका उडाला, की प्रमाण वजनांच्या कपाटाची काच धुरकटली. निवृत्ती? माझी? माझ्या नोकरीची अजून कितीतरी वर्षं बाकी होती. आणि नोकरीचं सोडा. मी घरी बसले की काय होईल, हे मला लख्ख दिसत होतं. आधी खुर्ची, मग पलंग, मग पलंगाशेजारी औषधांचं स्टूल. ऑफिसात मागूनही न मिळालेलं स्टूल शेवटी ते मिळणार! मी ओट्याला घट्ट धरून उभी राहिले.

साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या हातात ते पत्र होतं आणि चेहरा अगदी पडलेला होता.

"टिंब," ते म्हणाले. "टिंबाचा घोळ झाला हो बाई."

"मग फोन करून सांगा ना, की र म्हणजे रीतसर नव्हे."

"सांगतो. सांगतो ना." त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला, पलीकडून आवाज आला. साहेब म्हणाले, "ते र. निवृत्तीबद्दल... हां, र म्हणजे... तसं नाही... म्हणजे स्त्रियांच्या... हवामान कसं आहे तिकडे?" आणि फोन खाली ठेवला. कपाळ पुसून म्हणाले, "उद्या करतो. आज लाइन खराब आहे."

रोज लाइन खराब होती. इकडे घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. वहिनींनी दारातच गाठलं. "बरं केलंत ताई, सोडलीत ते! आता दिवसभर फळीवर पडता येईल." ड्रिल मास्तरांनी सकाळच्या जोडीला संध्याकाळचंही ताणणं सुरू करू म्हणून सांगितलं. यांनी तेवढं कोड्यातून डोकं वर काढून विचारलं, "तुला सोडायचीय का नोकरी?" मी नाही म्हटलं. "मग सोडू नको," हे म्हणाले आणि परत कोड्यात गेले. त्या सगळ्या दिवसांत मला कुणी विचारलेला एवढा एकच प्रश्न.

मग खात्री करायला तो अधिकारी आला. उंच, सडपातळ, हातात पातळ फाइल. नेमका तपासणीचा दिवस होता. दालनात दुकानदारांची ही गर्दी, प्रत्येकाच्या पायाशी तराजू आणि वजनं. अधिकारी एका कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघू लागला. बोलेना, चालेना. नुसता बघत होता, आणि मधूनच फाइलमध्ये काहीतरी टिपत होता.

तुमच्याकडे कुणी असं बघत असताना न लंगडता चालून बघा. मी एवढी सरळ चालले की आखीव रेघेवरून चालल्यासारखी दिसले असणार. तेवढ्यात एका धान्यवाल्याचं वीस किलोचं वजन ओट्यावर घ्यायची पाळी आली. ही वजनं ठोकेभाऊच उचलतात. ते पुढे झालेही. "थांबा ताई, तुम्ही आता कशाला..."

त्या 'आता'नं माझं डोकं फिरलं.

"सरका," मी म्हणाले. वाकले, कडी धरली आणि वजन उचललं.

उचललं, हे खरं आहे. ते जमिनीवरून सुटलं, गुडघ्यापर्यंत आलं, मांडीपर्यंत आलं. मग खुब्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी होते तिथेच थिजले. वर जाता येईना, खाली ठेवता येईना, हलता येईना. सगळं दालन बघत होतं. मनात एकच विचार: मोडलं. आईसारखं मोडलं. आता संपलं. बाहेरून मात्र मी, सांगायला लाज वाटते, पण हसत होते. अधिकारी बघत होता ना!

"ताई, ठेवा," ठोकेभाऊ म्हणाले.

"ठेवतेय," मी दात दाबून म्हणाले. "माझ्या सवडीनं ठेवतेय."

शेवटी त्यांनीच माझ्या हातातून ते सोडवून घेतलं. पण वजन गेलं तरी मी वाकलेलीच. दोघातिघांनी मला अलगद उचललं आणि जवळ जे होतं त्यावर बसवलं. जवळ वजनं वाहायची चार चाकांची गाडी होती. मी त्या गाडीवर, धान्यवाल्याच्या आणि भंगारवाल्याच्या वजनांच्या मधोमध.

अधिकारी पुढे आला. फाइल उघडली. "अपात्रता स्पष्ट दिसते आहे," तो म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. "र. निवृत्ती मंजूर करायला हरकत नाही."

"थांबा!"

मला वाटलं, ठोकेभाऊ ओरडले. पण ते साहेब होते. खोलीच्या दारात उभे होते. कान लाल, मान लाल, आता तर डोक्याचा मोकळा भागसुद्धा लाल.

"र म्हणजे रीतसर नाही!" साहेब म्हणाले. आवाज फाटला होता. "र म्हणजे रजो!"

"काय?"

"रजोनिवृत्ती! अख्खा शब्द लिहून घ्या! बायकांची पाळी जाते ती! बाईंना नोकरीतून निवृत्ती नकोय, त्यांना स्टूल हवंय! साधं, उंच, पाठ असलेलं स्टूल! आणि दुखतोय तो खुबा. खुबा, हा इथे!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खुब्यावर फाडकन थाप मारली. "इतकी वर्षं आपण त्यांना उभं ठेवलंय! तुम्ही राहा बरं असे उभे इतकी वर्षं!"

मग मागून धान्यवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कुठे म्हणाले?" आणि दालनातले सगळे दुकानदार आपापल्या अंगावर खुबा चाचपू लागले. अधिकाऱ्याचा हातही नकळत तिकडे गेला. मी गाडीवरून हे सगळं बघत होते. लाजेनं मरायला हवं होतं, पण कळ एवढी होती, की लाजायला फुरसत नव्हती.

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. "तसं आधीच स्पष्ट लिहायचं होतं," एवढंच म्हणाला.

साहेब त्याच तिरमिरीत म्हणाले, "ठोकेभाऊ, गाडी ढकला. समोर हाडांच्या डॉक्टर आहेत." मी नको नको म्हणत होते. फोटो, फोटोत दिसणारं, सगळं सांगायचं होतं, पण गाडी सुटली होती. पुढे ठोकेभाऊ, बाजूला साहेब, मध्ये मी आणि घाईत खाली उतरवायचं राहून गेलेलं एक पाच किलोचं वजन. रस्ता ओलांडताना, ज्यांचे तराजू मी आजवर खोटे ठरवले होते ते सगळे दुकानदार फुटपाथवर येऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, असं मी म्हणणार नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाची. तिनं पाय फिरवून बघितला, दाबून बघितलं, एका पायावर उभं करून बघितलं, आणि शेवटी तो फोटोही काढलाच. फोटो येईपर्यंत मी बाकावर बसून भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होते. हे धावत आले होते, चपला वेगवेगळ्या जोडांतल्या. माझा हात धरून बसले. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता.

"हाड मोडलेलं नाही," डॉक्टर आत बोलावून म्हणाली. "सांधाही चांगला आहे."

मी म्हटलं, "परत एकदा सांगा."

तिनं परत सांगितलं. मग समजावलं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला स्नायू ज्या दोऱ्यांनी हाडाला बांधलेले असतात, त्या दोऱ्या दुखावल्या होत्या. पाळी जाते त्या सुमारास शरीरातली रसायनं बदलतात, त्यानं या दोऱ्या हळव्या होतात, असं ती म्हणाली. माझ्या वयाच्या कितीतरी बायका हेच घेऊन येतात आणि बहुतेक जणी उशिरा येतात. "आत्तापर्यंत काय काय केलंत?" तिनं विचारलं.

मी सांगू लागले. फळीवर, दुखऱ्याच कुशीवर झोपले. तिनं लिहून घेतलं. लाटण्यानं रगडून घेतलं. तिचं पेन जरा थांबलं. पायावर पाय टाकून रोज ताणलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"अजून काही?"

"वीस किलोचं वजन उचललं. आज सकाळी."

तिनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "काकू, या दुखण्यात काय काय करू नये, याची कुणी माहिती विचारली तर मी तुमच्याकडे पाठवते."

त्या कुशीवर झोपायचं नाही. दुसऱ्या कुशीवर झोपायचं ते गुडघ्यांत उशी घेऊन. पायावर पाय टाकायचा नाही, एका पायावर भार देऊन उभं राहायचं नाही, ताणणं बंद, लाटणं पोळपाटापाशी. तिनं शिकवलेले व्यायाम मात्र रोज, सावकाश आणि न कंटाळता. महिने लागतील, म्हणाली. मग मी आईचं सांगितलं. तिनं ते घाईनं उडवून लावलं नाही. "त्यांना झालं म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही," ती म्हणाली. "पण आपण तुमच्या हाडांचा भक्कमपणा तपासून घेऊ. भिंत धरून भीत राहण्यापेक्षा माहीत असलेलं बरं. आणि न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून घ्या, म्हणजे भिंत सोडता येईल."

तपासणीत हाडं जराशी विरळ निघाली. फार नाही, पण लक्ष ठेवायला हवं एवढी. पूर्वी मी ते ऐकून पलंगच धरला असता. आताही घाबरलेच, खोटं कशाला बोलू? पण भीतीला आता नाव होतं, औषध होतं, पुढच्या तपासणीची तारीख होती. न्हाणीघरातली दांडी यांनी स्वतः बसवली. ती तिरकी बसली आहे. आंघोळ मात्र लवकर होते. फळी सुताराला परत दिली. दोरानं उतरवताना ती ड्रिल मास्तरांच्या कुंडीवर पडली, त्यामुळे ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत आणि गच्चीवरही बोलावत नाहीत.

स्टूलही आलं. उंच, पाठ असलेलं, पाय टेकायला आडवी पट्टी. त्यावर बसून काटा बघितला तेव्हा तो नेहमीपेक्षा स्थिर वाटला. ठोकेभाऊंनी घड्याळाची वर्गणी सगळ्यांना परत केली. निदान तसं ते सांगतात.

दुखणं अजून आहे. कमी आहे, पण आहे. जिना चढताना आठवण करून देतं. मी रोज सकाळी व्यायाम करते आणि रोज सकाळी वाटतं की काही उपयोग होत नाहीये. मग लक्षात येतं की हे वाटणं आपण उभ्यानं करतो आहोत, भिंत न धरता.

मागच्या आठवड्यात कामाची गर्दी ओसरल्यावर साहेब ओट्यापाशी आले. दोनदा खाकरले.

"त्या डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "वेळ घेऊन जावं लागतं का त्यांच्याकडे?"

"तुम्हाला काय झालं?"

"मला नाही." त्यांनी ओट्यावरचं एक वजन उचललं आणि परत तिथेच ठेवलं. "त्या दिवशी मी एवढं ओरडलो ना, ते घरी जाऊन मिसेसला सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, मलापण तिथेच दुखतं. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, धाकट्याचं लग्न झालं तेव्हापासून. बाई, त्याची मुलगी आता शाळेत जाते." त्यांनी तेच वजन पुन्हा उचललं. "मी तिला कधी लंगडताना बघितलंच नाही हो. ती माझ्या मागून चालते ना."

"उद्या घेऊन या त्यांना," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ठेंगण्याशा, नीटनेटक्या, छातीशी पर्स घट्ट धरलेली. दारात उभ्या राहिल्या त्या सगळा भार एका पायावर टाकून. मला बघताक्षणी कळलं. मी स्टुलावरून उतरले आणि ते त्यांच्याकडे सरकवलं. त्या नको नको म्हणाल्या, मी बसा बसा म्हणाले. स्टूल आमच्या दोघींच्या मध्ये, आणि त्यावर कुणीच बसेना.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. साहेब स्वतःची फिरती खुर्ची खोलीतून ढकलत आणत होते. ती दाराच्या चौकटीत अडकली. त्यांनी तिरकी केली, उचलली, सोडवली, आणि बायकोच्या मागे आणून उभी केली.

"बस," ते म्हणाले. कान लाल झाले होते, पण या वेळी ते कॅलेंडरकडे बघत नव्हते. "बस, आणि सांग यांना. नक्की कुठे दुखतं ते सांग. मी पण ऐकतो."